दोन तृतीयांश दुसऱ्यांचा

सातारा,
12 ऑगस्ट

चि. सौरभ यास,
आत्याचे अनेक आशीर्वाद.

तुझा ईमेल दोनदा वाचला. उत्तर फोनवरच दिलं असतं, पण फोन स्पीकरवर टाकायची तुमच्या घराला सवय आहे आणि दादा मध्ये बोलल्याशिवाय राहत नाही. शिवाय तू एवढे मुद्दे काढलेस, तर मलाही मुद्द्यांनीच बोलू दे. पत्र दाव्यातल्या कैफियतीसारखं वाटलं तर चालवून घे. उभं आयुष्य मोटार अपघात न्यायाधिकरणापुढे गेलं, आता भाषा कुठून बदलणार?

आधी ते ई-चलान. तू विचारतोस, बेल्ट मी लावला होता, शेजारच्या मित्राने लावला नव्हता, मग हजार रुपये मी का भरायचे? कलम 194 ब वाच. 2019 च्या दुरुस्तीने ते मोटार वाहन कायद्यात आलं आणि त्याच वर्षी 1 सप्टेंबरपासून लागू झालं. बेल्ट न लावता गाडी चालवणारा आणि बेल्ट न लावलेल्या प्रवाशांना घेऊन जाणारा, दोघांना एकच कलम आणि एकच दंड. लढण्यासारखं त्यात काही नाही, भरून टाक. मित्राकडून वसूल करायचे का, ते तुमचं तुम्ही बघा.

पुढचा भाग मात्र मला आवडला. तू म्हणतोस, माझ्या शरीराचं काय करायचं ते मी ठरवीन. दारू पिऊन चालवणाऱ्याला पकडा, सिग्नल तोडणाऱ्याला पकडा, ते दुसऱ्याला मारतात. बेल्ट न लावणारा कोणाला मारतो? मेलाच तर स्वतः मरतो. त्याला सांगा, समजवा, पण सक्ती कशाला? वर अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायरचा दाखला. तिथे आजही प्रौढांना बेल्टची सक्ती नाही, आणि राज्याचं ब्रीदवाक्यच ‘स्वतंत्र जगा, नाहीतर मरा’ अशा अर्थाचं आहे. बॉस्टनला होतास तेव्हा त्यांच्या नंबरप्लेटवर वाचलं असशील.

यावर दादाने “शहाणपणा करू नकोस” एवढंच म्हटलं असं कळलं. हे काही उत्तर झालं नाही. तुझा प्रश्न जुना आहे आणि चांगल्या घराण्यातला आहे. ज्या मिलने आमच्या आगरकरांना घडवलं, त्याच्या 1859 च्या स्वातंत्र्यावरच्या पुस्तकातून तो निघतो. आपल्याकडे 1988 साली तो हेल्मेटच्या निमित्ताने सर्वोच्च न्यायालयात गेला होता. ‘अजय कानू विरुद्ध भारत सरकार’ या प्रकरणात अर्जदाराचं म्हणणं होतं की आंध्र प्रदेशातला हेल्मेटसक्तीचा नियम संचारस्वातंत्र्यावर घाला घालतो. न्यायालयाने ते मान्य केलं नाही. पण तो निकाल दाखवून तुला गप्प करण्यात अर्थ नाही. 2017 मध्ये पुट्टस्वामी निकालाने खासगीपणा मूलभूत हक्क ठरवला, आणि आपल्या देहाबद्दलचे निर्णय आपण घेण्याचा हक्क त्यात येतो. आज नव्याने वाद घातलास तर तुझ्या हातात पूर्वीपेक्षा बरीच सामग्री आहे, एवढं मी वकील म्हणून कबूल करते.

आणखी एक गोष्ट तुझ्या बाजूने. सक्तीचे समर्थक म्हणतात, अपघात झाला की इस्पितळाचा खर्च सरकारवर, म्हणजे करदात्यावर पडतो, म्हणून सरकारला बोलायचा अधिकार. मे 2025 पासून तर अपघातग्रस्ताला सात दिवसांपर्यंत, दीड लाखांपर्यंत विनारोकड उपचारांची केंद्राची योजनाही आहे. तरी हा युक्तिवाद मला कधी पटला नाही. खर्च आमचा म्हणून हुकूम आमचा, हे एकदा मान्य केलं की सरकार आपल्या ताटातला वडा, चहातली साखर आणि तपकिरीची डबी सगळ्यावर बोट ठेवू शकेल. इतक्या मोठ्या चाव्या मी कोणत्याच सरकारच्या हाती देणार नाही. तेव्हा हा मुद्दा मी स्वतःच वगळते.

आता माझी बाजू.

‘मेलाच तर स्वतः मरतो’ इथे तुझा पहिला पाय घसरतो. गाडीत तू एकटा नसतोस. ताशी 50 किलोमीटर वेगातली गाडी भिंतीवर आपटून थांबली तरी आतली माणसं थांबत नाहीत, ती त्याच वेगाने पुढे जात राहतात. हा आघात साधारण दहा मीटरवरून, म्हणजे तिसऱ्या मजल्यावरून पडण्याइतका असतो. वेग 100 असेल तर उंची चौपट होते. मागे बेल्टशिवाय बसलेला माणूस त्या वेगाने जिथे जाऊन आदळतो, तिथे पुढच्या सीटची पाठ असते आणि तिला टेकून कोणीतरी बसलेलं असतं. जपानमधल्या अपघातांच्या नोंदी तपासून तिथल्या संशोधकांनी 2002 साली ‘लॅन्सेट’मध्ये लिहिलं होतं की मागच्याने बेल्ट लावला नसेल, तर पुढे बेल्ट लावून बसलेल्या माणसाच्या मृत्यूचा धोका जवळपास पाचपट होतो. म्हणजे पुढच्याने नियम पाळला, मागच्याने निवडीचा हक्क बजावला, आणि किंमत पुढच्याने मोजली. तुझ्या मिललाही हे चालणार नाही. दुसऱ्याला इजा होते तिथे त्याची सूट संपते.

चालकाचंही तेच. अपघातात धडक एकदाच होते असं आपण धरून चालतो. खंबाटकीच्या एस वळणावरच्या अपघातांचे पंचनामे वाचले असतेस तर समजलं असतं. गाडी आधी कठड्याला घासते, मग फिरते, मग दुसऱ्या कोणावर जाते. पहिल्या धक्क्यालाच चालक सीटवरून उडाला तर पुढचे दोन सेकंद गाडी कोणाच्याच ताब्यात नसते. बेल्ट त्याला स्टिअरिंगच्या आणि ब्रेकच्या पुढ्यात धरून ठेवतो. ते दोन सेकंद समोरून येणाऱ्या दुचाकीवाल्याच्या मालकीचे असतात.

आकडा एकच देते. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार 2022 साली बेल्ट न लावलेली 16,715 माणसं मेली. त्यांत 8,384 चालक आणि 8,331 प्रवासी. जवळजवळ निम्मे. स्टिअरिंगवर बसलेल्याच्या स्वातंत्र्याचा वाद आपण घालत बसतो, तेवढ्यात शेजारचे आणि मागचे तितक्याच संख्येने जातात. त्या 8,331 जणांपैकी कितींनी विचार करून निवड केली असेल?

मागच्या सीटला बेल्ट लागत नाही ही आपली समजूत कशाने जाईल हे मला कळत नाही. 3 जून 2014 ला दिल्लीत सकाळी विमानतळाकडे निघालेले गोपीनाथ मुंडे मागच्या सीटवर होते. केंद्रात मंत्री होऊन आठवडाच झाला होता. अपघात शहरातला, घाटातला किंवा दरीतला नव्हे. बेल्ट असता तर ते वाचले असते असं तेव्हाचे आरोग्यमंत्री डॉ. हर्षवर्धन म्हणाले होते. मी इतक्या खात्रीने म्हणणार नाही, बाजूने बसलेल्या धडकेत बेल्टची मर्यादा असते. पण साऱ्या महाराष्ट्राने तो मृत्यू टीव्हीवर पाहिला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मागच्या सीटवर तसाच बसला. मग 4 सप्टेंबर 2022. चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर सायरस मिस्त्रींची गाडी कठड्यावर आदळली. गाडी मर्सिडीज होती, तिला एअरबॅग होत्या. पुढचे दोघे गंभीर जखमी होऊन वाचले, मागचे दोघे गेले. मागच्यांनी बेल्ट लावले नव्हते, असं पोलिसांनी सांगितलं. त्यानंतर काही आठवडे सगळ्यांना मागचे बेल्ट आठवले. मुंबई पोलिसांनी 1 नोव्हेंबरपासून सर्व प्रवाशांना सक्ती जाहीर केली. वास्तविक केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम 138(3) समोर तोंड करून मागे बसणाऱ्यांनाही आधीपासून लागू होताच. नवीन काही घडलं नव्हतं, फक्त नियम आहे हे लोकांना कळलं होतं.

आता तुझा दुसरा आधार, ‘माझं आयुष्य माझं’. इथे मला माझ्या धंद्यातलं गणित दाखवू दे. वर्तमानपत्रांत त्याबद्दल फारसं येत नाही, आणि मला सगळ्यांत जास्त खात्री याच जागी वाटते.

माणूस अपघातात जातो तेव्हा भरपाई ठरवायची रीत सर्वोच्च न्यायालयाने 2009 मध्ये सरला वर्मा निकालात घालून दिली. आधी वर्षाचं उत्पन्न काढायचं. त्यातून मृत माणसाने स्वतःवर केला असता तो खर्च वजा करायचा. विवाहित असेल आणि अवलंबून असणारी दोन-तीन माणसं असतील तर एक तृतीयांश. चार ते सहा असतील तर एक चतुर्थांश. अविवाहित असेल तर सहसा निम्मा. जे उरेल त्याला वयाप्रमाणे एका आकड्याने गुणायचं. वय 31 ते 35 असेल तर तो आकडा 16.

तुझंच उदाहरण घेऊ, अपशकुन म्हणून दादाने कपाळाला हात लावला तरी. तू तेहतीसचा. पगार हिशेबाला सोपा म्हणून महिना 50,000 धरते, तुझा जास्त आहे हे मला माहीत आहे. वर्षाचे 6 लाख. घरात तुझी बायको मुग्धा, तुझी आई म्हणजे आमच्या वहिनी, आणि येणारं बाळ. दादाला पेन्शन आहे, बापाला सहसा अवलंबित धरत नाहीत. म्हणजे एक तृतीयांश तुझं, दोन तृतीयांश त्यांचं. चार लाख गुणिले सोळा, चौसष्ट लाख. पगार पुढे वाढला असता त्याची भर निराळी. शिवाय 2017 च्या प्रणय सेठी निकालाप्रमाणे पत्नीला सहवास गमावल्याचे 40,000 आणि अंत्यविधीचे 15,000, दर तीन वर्षांनी दहा टक्के वाढवून.

हे कोरडं वाटतं ना? पहिल्यांदा करताना मलाही वाटायचं. पण त्या वजाबाकीकडे बघ. माणूस जिवंत असतो तोवर तो आपला जीव आपलाच मानतो. तो गेल्यावर न्यायालय त्याच्या कमाईची वाटणी मांडतं तेव्हा त्याच्या नावावर तिसरा हिस्सा निघतो. बाकीचे दोन हिस्से कधीपासूनच दुसऱ्यांचे होते. मुग्धाला विचारून तू बेल्ट काढला होतास का? हा प्रश्न मी उलटतपासणीत कोणाला विचारला नाही, विचारायला माणूसच नसायचा. समोर त्याची बायको असायची, लग्नाचा दाखला आणि पगाराची स्लिप घेऊन.

आणि हेही ध्यानात ठेव की हे चौसष्ट लाख चूक दुसऱ्याची असेल तर. चूक तुझीच असेल, झोप लागून तूच कठड्यावर गेलास, तर तुझ्या घरच्यांना थर्ड पार्टी विम्यातून काही मिळत नाही. वैयक्तिक अपघात विमा जेवढा काढला असेल तेवढाच. दुसऱ्याची चूक असली तरी विमा कंपनीचा वकील विचारतोच की बेल्ट होता का. इंग्लंडमध्ये तर बेल्टची सक्ती येण्याच्या आधीच, 1975 साली, फ्रूम विरुद्ध बुचर या खटल्यात लॉर्ड डेनिंग यांनी ठरवून दिलं होतं की बेल्टने इजा पूर्णपणे टळली असती तर भरपाई 25 टक्क्यांनी कापायची, कमी झाली असती तर 15 टक्क्यांनी. गंमत म्हणजे त्या फ्रूमसाहेबांचं कारण तुझ्या ईमेलमधल्या एका मुद्द्यासारखंच होतं. बेल्टमध्ये माणूस अडकून पडतो, अशी त्यांची धास्ती. आपलं सर्वोच्च न्यायालय याबाबत जास्त उदार आहे. मोटारसायकलवर तिसरा बसला एवढ्यावरून भरपाई कापू नका, त्याच्या बसण्याचा इजेशी संबंध दाखवा, असं 2020 मध्ये सांगितलं गेलं. बेल्टचा इजेशी संबंध दाखवायला मात्र फार कष्ट पडत नाहीत, काचेवरची खूण पुरते.

अडकण्याच्या भीतीबद्दल दोन वाक्यं. गाडी पेटणं किंवा पाण्यात जाणं हे एकूण अपघातांत फार थोडं, आणि तेव्हाही बाहेर पडण्यासाठी आधी शुद्धीवर असावं लागतं. ‘बाहेर फेकला गेला म्हणून वाचला’ असा एखादा प्रत्येक गावात असतो. फेकले जाऊन मेलेले गोष्ट सांगायला परत येत नाहीत.

आता निवडीबद्दल. मिलने पुलाचं उदाहरण दिलंय ते तुला आठवत असेल. पूल धोक्याचा आहे आणि माणूस अनवधानाने त्यावर निघालाय, सांगायलाही वेळ नाही, तर त्याला धरून मागे ओढलं तरी त्याचं स्वातंत्र्य हिरावलं जात नाही, कारण नदीत पडायची त्याची इच्छाच नाही. मात्र धोका माहीत असून जात असेल तर सावध करा आणि सोडून द्या. तुझा सगळा युक्तिवाद या दुसऱ्या अर्ध्यावर उभा आहे. पण मिलने तिथेच अपवाद ठेवलेत: मूल असेल, भ्रमिष्ट असेल, किंवा कशात इतका गुंतलेला असेल की विचारशक्ती जागेवर नाही. सकाळी पावणेनऊला खराडीच्या ऑफिसला निघालेला माणूस यांतल्या तिसऱ्या प्रकारातला. बेल्ट न लावणाऱ्यांपैकी स्वातंत्र्याचा विचार करून न लावणारे किती? बाकीच्यांचं उत्तर ठरलेलं: “इथेच तर जायचंय.” त्याला मी निवड म्हणत नाही, कंटाळा म्हणते, आणि कंटाळ्याला घटनेचं संरक्षण मागायला मला लाज वाटेल.

समजावून काम होतं हे तुझं म्हणणंही इंग्लंडमध्ये करून झालंय. तिथे सत्तरीच्या दशकात टीव्हीवर वर्षानुवर्षं प्रचार चालला, बेल्ट लावणारे चाळीस टक्क्यांच्या आसपास अडकले. 31 जानेवारी 1983 ला पुढच्या सीटला सक्ती आली आणि बघता बघता प्रमाण नव्वदच्या वर गेलं. तिथले पोलीस काय प्रत्येक गाडीत डोकावत नव्हते. लोकांना फक्त एक कारण हवं होतं.

सॅम पेल्ट्झमनचा 1975 चा लेख तू जोडलायस. बेल्टमुळे माणूस बिनधास्त होतो, जोरात चालवतो आणि पादचारी मरतात, हे त्याचं म्हणणं. लंडनच्या जॉन ॲडम्स यांनीही पुढे तेच लावून धरलं. मूर्खपणाचा मुद्दा नाही, माणूस असा वागतो हे खरंच आहे. पण त्यावरून निघतं एवढंच, की बेल्टबरोबर वेगावरही लक्ष ठेवा. बेल्ट काढल्याने आपल्या रस्त्यावरचे लोक हळू चालवायला लागले असते, तर सातारा-पुणे रस्ता आजवर शांत झाला असता.

आता ती क्लिप. हो, मुग्धाने सांगितलं. बक्कलमध्ये खोचायची ती धातूची पट्टी, बेल्ट न लावता अलार्म बंद करणारी. ती ऑनलाइन विकू नका, असा आदेश केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने मे 2023 मध्ये पाच ई-कॉमर्स कंपन्यांना दिला. तुझ्याकडे कुठून आली ते विचारत नाही. अमेरिकेत 1974 च्या गाड्यांना असं यंत्र बसवलं होतं की बेल्ट लावल्याशिवाय गाडी सुरूच होईना. सीटवर किराणा ठेवला तरी गाडी अडायची. लोक इतके चिडले की त्याच वर्षी काँग्रेसने ती सक्ती मोडीत काढली. यंत्राची अशी दादागिरी मलाही नको. पण टिंगटिंग वाजणारा अलार्म गाडी अडवत नाही, फक्त आठवण करतो. तू सक्तीविरुद्ध आहेस म्हणतोस, आणि आठवणीलाही गळा दाबून बंद करतोस. त्या क्लिपने तुझ्या एकट्याचा अलार्म बंद होत नाही. ती शेजारच्या सीटला खोचलेली आहे, जिथे मुग्धा बसते.

इथवर मी कायद्याची वकिली केली. आता कायद्याला सुनावायचंही आहे, कारण तुझ्या रागातला एक भाग रास्त आहे. सक्ती करायची तर ती सगळ्यांच्या जिवाची करा. कलम 194 ब लाच एक परंतुक आहे: उभे प्रवासी नेणाऱ्या वाहनांना राज्य सरकार अधिसूचना काढून वगळू शकतं. म्हणजे तुझ्या गाडीतला मित्र हजाराचा, आणि एसटीच्या दांडीला लटकलेला माणूस बिनमोलाचा. ऊसतोडीच्या हंगामात ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बायका-पोरं, पिकअपच्या हौद्यात वऱ्हाड आणि गवंडी, हे आपण सगळे रोज ओव्हरटेक करतो. त्यांना कसला बेल्ट? किती टॅक्स्यांत मागचं बक्कल सीटकव्हराखाली गाडलेलं असतं, आणि मागितलं तर चालक “साहेब, मागे कोण लावतं” म्हणतो. चारोटीला पुलापाशी तीन पदर दोनांवर येतात यावरही तेव्हा बोट ठेवलं गेलं होतं. प्रवाशाने बेल्ट लावायचा हे खरं, पण कठडा आणि वळण सरकारचं आहे. कॅमेऱ्याने चलान काढणं सोपं, रस्ता दुरुस्त करणं अवघड. दंडाचा पैसा त्याच रस्त्यावर दिसला असता तर तुझ्यासारख्यांची निम्मी तक्रार उरली नसती. शेजारच्या गुजरातने हजाराचे पाचशे केले, ते मला पटत नाही. रकमेपेक्षा कोणाला पकडतात आणि कोणाला सोडतात, हे लोक बघतात.

तरीही कायदा अपुरा आहे म्हणून तो नको, हे अनुमान चुकीचं. अपुरा असेल तर पुरा करा. मी सक्तीच्या बाजूने आहे: पुढे, मागे, टॅक्सीत, आणि पोरांसाठी सगळ्यांत आधी. एकटा माणूस स्वतःच्या शेतातल्या रस्त्यावर बेल्टशिवाय जीप फिरवत असेल तर त्याला मी काही म्हणणार नाही, खुशाल फिरव. सार्वजनिक रस्त्यावर दुसऱ्याला शेजारी बसवलंस की ती सूट गेली.

मुग्धाला आता सहावा लागला. वहिनींना वाटतं बेल्ट पोटावर दाबून बाळाला इजा होईल, म्हणून त्या तिला लावू देत नाहीत. त्यांना समजावून सांग. खालचा पट्टा पोटावरून घ्यायचाच नाही, पोटाच्या खाली, मांड्यांच्या वर, कमरेच्या हाडांवर बसवायचा. वरचा पट्टा खांद्यावरून, छातीच्या मधून, पोटाच्या बाजूने. काखेखालून काढायचा नाही, त्याने बरगड्या मोडतात. जाड स्वेटर किंवा घड्या घातलेली शाल पट्ट्याखाली नको. ती स्वतः चालवणार असेल तर सीट होईल तेवढी मागे, आणि बेल्ट लावलेला असेल तरच एअरबॅग कामाची. ती निमिषात प्रचंड जोराने फुगते. पुढे झुकलेलं मोकळं शरीर तिच्यावर आपटलं तर तिचाच मार बसतो. म्हणून तर उत्पादक तिला पूरक संरक्षण म्हणतात, मुख्य काम बेल्टचं.

वहिनी स्वतः मागे बसतात आणि गुदमरतं म्हणतात. पट्टा मानेला घासत असेल. दाराच्या खांबावरची पट्ट्याची उंची कमी करता येते का बघ, नाहीतर त्यांना बाजूच्या सीटवर सरळ बसव, पाठीमागची उशी काढून टाक. मागची बक्कलं आजच सीटकव्हरातून वर काढ.

बाळाबद्दल मात्र माझं काही मागणं नाही, हुकूम आहे. मांडीवर घेऊन पुढे बसायचं नाही. ताशी 50 च्या धडकेत दहा किलोच्या मुलाचा भार क्षणभर दोनशे किलोंच्या आसपास जातो, कुठल्याही आईच्या हातांत तेवढी ताकद नसते. आपल्या बेल्टच्या आत घेतलं तर आपल्याच वजनाखाली ते चिरडतं. कायदाही चौदा वर्षांखालच्या मुलाला बेल्ट किंवा बाल-आसन लावल्याशिवाय नेणाऱ्याला तोच हजाराचा दंड सांगतो. तान्ह्या बाळाची सीट मागच्या बाजूला तोंड करून, मागच्या आसनावर बसवायची. एअरबॅग चालू असलेल्या पुढच्या सीटवर ती कधीही नको. तुझ्या गाडीत आयसोफिक्सचे हुक आहेत का ते मॅन्युअलमध्ये बघ. वापरलेली सीट कोणी फुकट देत असेल तरी घेऊ नकोस, ती अपघातातून गेलीय का ते बाहेरून कळत नाही.

इस्पितळातून घरी यायच्या दिवशी ती सीट गाडीत बसवलेली पाहिजे, नंतर बघू म्हणायचं नाही. पैसे मी देणार आहे, त्यावर वाद घालू नकोस. मॉडेल ठरलं की शनिवारच्या आत कळव.

तुझी,
आत्या